‘टेक केअर’ला तेरमध्ये काय म्हणतात?

‘टेक केअर’ हे दोन शब्द मराठीत इतके रुळलेत की ते इंग्रजी आहेत हे मुद्दाम आठवावं लागतं. फोन ठेवताना, चॅट संपवताना, पाहुण्याला गाडीत बसवताना आपण ते सहज बोलून जातो. त्यांचं मराठी काय, असं फोनला विचारलं की उत्तर येतं, ‘काळजी घ्या’. शब्दकोशाच्या हिशेबात यात काहीच चूक नाही. पण धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात, पुण्याला निघालेल्या नातवाला एखादी आजी ‘काळजी घे’ म्हणेल का? ती बहुतेक म्हणेल, ‘नीट जा रं. पोचलास की फोन कर.’

या दोन उत्तरांमधलं अंतर हा या लेखाचा विषय आहे. इंग्रजीतली रोजची, बारीकसारीक वाक्यं मराठीत आणताना आपण नेमकं काय करतो? कुठे फसतो? आणि फसलो तर त्याची किंमत कोण मोजतं? शेक्सपिअरच्या अनुवादांवर मराठीत भरपूर लिहून झालंय. ‘सॉरी’, ‘प्लीज’, ‘समथिंग वेंट राँग’ यांच्या अनुवादाची समीक्षा मात्र फारशी होत नाही. खरं तर आपण सगळ्यात जास्त वाचतो ती हीच भाषांतरं. अनुवादित कादंबरी वर्षातून एखादी होत असेल, फोनचा पडदा दिवसातून शंभरदा बघितला जातो.

एक वाक्य, चार प्रसंग

आधी ‘टेक केअर’च नीट बघू. इंग्रजीत ते निरोपाचं वाक्य आहे. बोलणं संपलं, आता निघू, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो. त्यात काळजी असते, पण चहातल्या साखरेइतकी विरघळलेली.

मराठीत ‘काळजी घ्या’चं काम वेगळं होतं. आजारी माणसाला भेटून निघताना, बाळंतिणीला, नुकतंच ऑपरेशन झालेल्या काकांना आपण ते म्हणत असू. २०२०मध्ये करोना आला आणि हे वाक्य एकदम सगळ्यांच्या तोंडी बसलं, कारण तेव्हा प्रत्येकजण आजारी पडू शकत होता. साथ ओसरली, वाक्य राहिलं. आता ते इंग्रजी वाक्यासारखं निरोपालाही चालतं. तरी त्याचा जुना वास गेलेला नाही. धडधाकट माणसाला अचानक ‘काळजी घ्या हं’ म्हटलं तर तो दचकून विचारेल, ‘का, काय झालं?’

त्यात ‘काळजी’ या शब्दाची स्वतःची गंमत आहे. ती ‘घ्यायची’ असते आणि ‘करायची’ नसते. ‘काळजी घ्या’ आणि ‘काळजी करू नका’ ही दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणणारी भाषा परक्या माणसाला कोड्यात टाकणारच.

मग निरोपाला मराठीत काय आहे? निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. घरातला माणूस ‘या’ म्हणतो. परत येण्याचं गृहीत धरूनच निरोप घेतला जातो. प्रवासाला निघालेल्याला ‘नीट जावा’, ‘सांभाळून जावा’. फोनवर बोलणं संपवायचं असेल तर ‘बरं, ठेवू का?’ आणि सिनेमातला खलनायक जेव्हा हसत हसत ‘टेक केअर’ म्हणतो, तेव्हा मराठीत त्याला ‘जपून राहा’ म्हणावं लागेल. तिथे ‘काळजी घ्या’ लिहिणाऱ्या सबटायटलवाल्याने त्या खलनायकाला डॉक्टर करून टाकलं.

एकच इंग्रजी वाक्य, चार प्रसंग, चार मराठी वाक्यं. अर्थ शब्दांइतकाच प्रसंगात असतो. कोण बोलतंय, कुणाशी, कधी, हे कळल्याशिवाय अशा वाक्याचं भाषांतर सुरूच होत नाही. तेरच्या आजीला हे सगळं माहीत असतं, म्हणून तिचं वाक्य बरोबर येतं. फोनला यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून तो सगळ्यांना चालेल असं आणि कुणालाच नीट न बसणारं वाक्य देतो.

‘प्लीज’ कुठे लपलंय?

मराठीत ‘प्लीज’ला शब्दच नाही, म्हणून आपण उद्धट आहोत, असं मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांना उत्तर म्हणून ‘कृपया’ पुढे केलं जातं. पण ‘कृपया’ हा पाटीवरचा शब्द आहे. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ ‘कृपया रांगेत उभे राहावे.’ बाजारात, शेतात, स्वयंपाकघरात तो कुणी बोलत नाही. भावाला ‘कृपया पाणी दे’ म्हणून बघा. तो आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल.

मग विनंती होतच नाही का? होते, आणि फार बारकाईने होते. धाराशिवकडचा माणूस तहसीलच्या खिडकीपाशी म्हणतो, ‘जरा बघा की वो सायब.’ ‘तेवढं एक करून द्या.’ ‘जरा’, ‘तेवढं’, ‘की’, ‘वो’. इंग्रजीचा तो एक शब्द इथे चार तुकड्यांत वाटून टाकलाय. ‘जरा’ने काम लहान होतं, ‘तेवढं’ने मागणी एकापुरती राहते, ‘की’ने हुकमाचा काटा निघतो आणि ‘वो’ने समोरचा मोठा होतो. यातला एकही तुकडा शब्दकोशात ‘प्लीज’समोर सापडणार नाही.

हा मराठीचा कमकुवतपणा नाही, हे कळायला जरा लांब जाऊ. डच भाषेत ‘प्लीज’ला शब्द आहे, पण एक नाही, दोन. मित्राला म्हणायचं ‘आल्स्येब्लीफ्त’ आणि अनोळखी किंवा मोठ्या माणसाला ‘आल्स्टूब्लीफ्त’. मूळ अर्थ साधारण ‘तुला बरं वाटलं तर’, ‘तुम्हाला बरं वाटलं तर’ असा. मधला तुकडा बदलतो, कारण डचमध्येही आपल्यासारखेच तू आणि तुम्ही आहेत. शिवाय दुकानदार सुट्टे पैसे परत देताना हाच शब्द वापरतो. इंग्रजी तिथे ‘हिअर यू आर’ म्हणतं, मराठी ‘घ्या’ म्हणून मोकळी होते. म्हणजे इंग्रजीतला ‘प्लीज’ ॲमस्टरडॅममध्ये नेला काय आणि उमरग्यात आणला काय, भाषांतर करणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडतो: समोर कोण आहे? इंग्रजीनेही कधीकाळी एकाला आणि आदराने बोलायच्या माणसाला वेगळी सर्वनामं ठेवली होती. प्रमाण इंग्रजीने ती सोडून दिली. आपण त्या सोडून दिलेल्या अवस्थेला सभ्यतेचं मोजमाप समजून बसलो, ही खरी अडचण.

वाक्याआधी माणूस

आधी माणूस बघायचा आणि मग वाक्य, हे शहाणपण नवीन नाही. १८०५मध्ये विल्यम कॅरीने बंगालातल्या सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं. वैजनाथ पंडितांची त्याला मदत होती. त्या पुस्तकाच्या नावातच सांगितलंय की शेवटी रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले आहेत. त्याआधी, १८०१मध्ये, त्याने बंगालीत ‘कथोपकथन’ काढलं होतं. त्यात साहेब नोकर ठेवतो, बायका भांडतात, आणि जो तो आपापल्या बोलीत बोलतो. कॅरीचे हेतू धर्मप्रसाराचे होते आणि त्याचे विद्यार्थी कंपनीचे अधिकारी होते, हे विसरायचं कारण नाही. पण रोजचं वाक्य शिकवायचं तर त्याला बोलणारा आणि ऐकणारा लागतो, हे त्याला समजलं होतं.

पुढे कोश आले. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. त्याचं ऋण मोठं आहे. पण कोशाच्या रचनेत शब्दासमोर शब्द येतो आणि माणूस गळतो. शाळा, कचेऱ्या, सरकारी पुस्तकं यांतून जी मराठी घडली, ती याच शब्दासमोर शब्दाच्या सवयीतून. पुढे १८७४मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा पहिलाच निबंध मराठी भाषेच्या त्या वेळच्या स्थितीवर लिहावासा त्यांना वाटला. भाषेचं काय होतंय ही बेचैनी तेव्हापासूनची आहे.

धाराशिवचा इतिहास मात्र याहून वेगळा. १९४८पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. निजामाने १९१७मध्ये हैदराबादला भाषांतराचं एक स्वतंत्र खातंच काढलं. उस्मानिया विद्यापीठात आधुनिक विषय उर्दूतून शिकवता यावेत म्हणून तिथे इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणली जात. पुण्यात इंग्रजी वाक्य मराठीत यायचं, तेव्हा इथे ते आधी उर्दूत यायचं. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि प्रमाण मराठी कचेरीत आली. म्हणून इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘मेहरबानी करा’, ‘माफी असावी’ सहज येतं. त्यांना ‘कृपया’ आणि ‘क्षमस्व’ हे ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’इतकेच बाहेरून आलेले वाटले तर नवल नाही. पुण्या-मुंबईत बसून कुणी ‘शुद्ध मराठी प्रतिशब्द’ ठरवतो, तेव्हा तो कुणासाठी शुद्ध आणि कुणासाठी मराठी, हा प्रश्न उरतोच.

‘काहीतरी चुकले’

आता फोनकडे येऊ. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३मध्ये आली. २०१७मध्ये तिथे न्यूरल पद्धत आली आणि वाक्यं एकदम माणसाळली. आधी शब्दांची खिचडी मिळायची, आता बऱ्यापैकी सरळ वाक्य मिळतं. या सुधारणेने एक नवाच धोका आणला. पूर्वीचं वाईट भाषांतर लगेच ओळखू यायचं. आताचं वाईट भाषांतर चांगले कपडे घालून येतं.

‘समथिंग वेंट राँग’ घ्या. याचं ‘काहीतरी चुकले’ असं मराठी आपण सर्रास वाचतो. व्याकरण ठीक, शब्द ठीक. पण मराठीत ‘चुकलं’ हे क्रियापद मोकळं फिरत नाही. त्याला धनी लागतो. ‘माझं चुकलं’ ही आपल्याकडची सगळ्यात सरळ माफी. ‘तुझं चुकलं’ हा आरोप. नुसतंच ‘काहीतरी चुकले’ दिसलं की वाचणारा रिकामी जागा स्वतःच भरतो, आणि ज्याला आधीच यंत्राची धास्ती आहे तो ती ‘माझंच’ने भरतो. सोयाबीनच्या पीकविम्याचा अर्ज शेवटच्या तारखेला भरताना एखाद्या शेतकऱ्यासमोर हे वाक्य आलं, तर त्याला वाटेल आपणच काहीतरी वेडंवाकडं दाबलं. इंग्रजी वाक्याला म्हणायचं होतं की आमच्याकडे बिघाड झालाय. मग तसंच म्हणा: ‘आमच्याकडे बिघाड झालाय. तुमचं काही चुकलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा बघा.’ जरा लांब आहे, पण या वाक्यानंतर माणूस अर्ज सोडून घरी जाणार नाही.

दुसरं वाक्य ‘आय ॲग्री’. त्याचं ‘मी सहमत आहे’ होतं. सहमत होणं हे चर्चेतलं काम आहे. तुमच्या मताशी मी सहमत आहे, म्हणजे माझं मत तुमच्यासारखंच आहे. पण त्या बटणाने आपण मत देत नाही, शब्द देतो. त्यासाठी मराठीत ‘मान्य’ आहे आणि त्याहून वजनदार ‘कबूल’ आहे. बैलाचा सौदा कबूल असतो, निकाहात तीनदा कबूल म्हणतात, गुन्हा कबूल करतात. ‘वरचं सगळं मला कबूल आहे’ असं बटणावर लिहिलं असतं तर अंगठा क्षणभर थांबला असता आणि ‘वरचं’ म्हणजे काय हे बघायला पडदा मागे सरकवला असता. ‘सहमत’ने तो थांबत नाही. ज्याला आपण थांबवायला हवं त्याला गुळगुळीत भाषांतराने पुढे ढकललं, तर ते नुसतं भाषेचं अपयश राहत नाही.

तिसरी गोष्ट ‘वुई’. इंग्रजीत एकच. मराठीत दोन, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ऐकणारा आत असेल तर ‘आपण’, बाहेर असेल तर ‘आम्ही’. कंपनी नियम बदलते तेव्हा ‘आम्ही बदलले’ बरोबर. पण ‘वुई आर इन धिस टुगेदर’ला ‘आम्ही यात एकत्र आहोत’ म्हटलं, तर तुम्ही एकत्र आणि आम्ही उघड्यावर, असा अर्थ होतो. एका शब्दाच्या फरकाने वाचणारा घराबाहेर पडतो.

आणि चौथी, बाईमाणूस. ‘आय ॲम टायर्ड’चं यंत्राकडून बहुतेक वेळा ‘मी थकलो आहे’ येतं. इंग्रजी वाक्यात बाई की पुरुष ते कळत नाही, म्हणून यंत्र पुरुष धरतं. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात, त्यांचं निभावेल. बाकीच्यांनी फोनच्या मराठीत पुरुष होऊन थकायचं. ‘दमायला झालं’ किंवा ‘थकवा आलाय’ म्हटलं की हा प्रश्नच मिटतो. वाट भाषेत आहे, ती शोधायची इच्छा लागते.

जिथे ‘सॉरी’च बरं

एवढं वाचून कुणाला वाटेल की सगळ्या इंग्रजी वाक्यांना अस्सल गावरान पर्याय शोधायचे, म्हणजे झालं. माझं म्हणणं तसं नाही, आणि इथेच हा विषय अवघड होतो.

‘गुड मॉर्निंग’ घ्या. त्याचं ‘शुभ सकाळ’ हे फॉरवर्डच्या फुलांवर छापायला ठीक. गावात सकाळी लोक काय म्हणतात? कुणी ‘राम राम’, कुणी ‘जय भीम’, कुणी ‘सलाम’, कुणी ‘राम कृष्ण हरी’. प्रत्येक अभिवादन सुंदर आहे आणि प्रत्येक अभिवादन सांगतं की बोलणारा कोण. समोरच्याने काय उत्तर दिलं, किती मोठ्याने दिलं, दिलं की नाही, यावरून पुढचं सगळं ठरतं. नवीन गावात खोली शोधायला गेलेल्या मुलाला हे चांगलं माहीत असतं. तो ‘हाय’ किंवा ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो, कारण त्या शब्दांना आडनाव नाही. इथे ‘अस्सल मराठी वापर’ असा आग्रह धरणाऱ्याने आधी हे सांगावं की कोणतं अस्सल.

‘सॉरी’चंही तसंच. मराठीत ‘माझं चुकलं’ फार खोल वाक्य आहे, पण ते बहुतेक वेळा खालून वर जातं. सून सासूला म्हणते, मुलगा बापाला म्हणतो, गडी मालकाला म्हणतो. वरून खाली ते क्वचितच उतरतं. बापाची जीभ ‘माझं चुकलं पोरी’ म्हणायला रेटत नाही, पण ‘सॉरी बेटा’ म्हणून जाते. परक्या शब्दाचं हलकेपण इथे कामाला येतं. मानापमानाचं ओझं त्याच्यावर नसल्याने मोठ्या माणसालाही तो उचलता येतो. ‘थँक यू’चीही गोष्ट अशीच. आईला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती परकी होते. तिला ‘बरं झालं बाई, तू होतीस’ पुरतं. पण झाडूवाल्या काकूंना, हॉटेलात पाणी आणून देणाऱ्या पोराला आपल्या भाषेत आभार मानायची रीतच आपण बसवली नाही. त्यांचं काम गृहीत धरलं. तिथे ‘थँक यू’ने जी पोकळी भरली ती आपलीच होती.

उत्तराचा भागही बघा. ‘यू आर वेलकम’चं ‘तुमचं स्वागत आहे’ ही तर आता चेष्टेची गोष्ट झालीय. मराठी उत्तर ‘अहो, त्यात काय एवढं!’ हे आहे. इंग्रजी वाक्य उपकार मान्य करून वर हसतं, मराठी वाक्य उपकारच पुसून टाकतं.

काही वेळा मराठीत आणखी काही सापडतं. ‘आय मिस होम’चं ‘मला घराची आठवण येते’ चालेल. पण पुण्यात पेठेतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी धाराशिवची मुलगी घरी फोनवर म्हणते, ‘इथं करमंना.’ आठवण डोक्यात येते. करमत नाही तेव्हा अख्खा दिवस, जेवण, झोप, भिंती सगळंच बिघडलेलं असतं. हीच मुलगी मैत्रिणीला मात्र ‘मिस यू’ पाठवते, कारण मैत्रिणीला ‘करमंना’ पाठवलं तर ती घाबरून गाडीत बसेल. दोन्ही वाक्यं तिची आहेत. चांगला अनुवादक या दोन्हींतला फरक ओळखतो.

मोठ्यांनी काय केलं?

मराठीत हे काम उत्तम करणारे झालेत. १८९०मध्ये देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा त्यांनी नावंच बदलली. नाव बदललं की हाक बदलते, हाक बदलली की नातं बदलतं आणि मग प्रत्येक लहान वाक्याला आपोआप मराठी वळण येतं. पु. ल. देशपांड्यांनी १९७५मध्ये शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. ते नाटकच मुळी बोलण्यावरून माणसाची किंमत ठरवण्याबद्दल आहे. लंडनच्या फूलवालीची बोली पुलंनी तिकडून उचलून आणली नाही. आपल्याकडे कुणाच्या बोलण्याला हसतात, हे त्यांनी आधी बघितलं आणि मंजुळा उभी केली. शब्द दूर गेले, घाव मात्र जिथे बसायचा तिथे बसला.

धाराशिवला तर या विषयाशी जोडणारा एक धागा आहे. १० ते १२ जानेवारी २०२०ला इथे, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. साहित्यनगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचं नाव दिलं होतं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे अनुवादक. एका धर्मगुरूने अध्यक्ष व्हावं का, यावर तेव्हा वाद झाला. त्या गोंधळात एक गोष्ट मागे पडली. आपण एका अनुवादकाला अध्यक्ष केलं होतं, आणि त्याने पुस्तकाच्या नावात ‘पवित्र’ऐवजी ‘सुबोध’ हा शब्द पुढे ठेवला होता. ज्याला वाचायचंय त्याला कळलं पाहिजे, एवढं साधं वचन त्या नावात आहे. फोनच्या पडद्यावरची मराठी लिहिणाऱ्यांनी निदान ते नाव तरी वाचावं.

याच मातीतल्या लेखकांनी इथली बोली छापून आणली, तेव्हा ती कुणाला अडली नाही. कळंब तालुक्यातल्या भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ पाठ्यपुस्तकात आली आणि राज्यभरच्या मुलांनी वाचली. भाव कोसळल्यावर बाप बाजारात टोमॅटो पायांनी तुडवतो, हे समजायला कोकणातल्या मुलाला शब्दार्थांची यादी पुरली. ‘बोली वापरली तर बाकीच्यांना कळणार नाही’ ही भीती वाचकांपेक्षा संपादकांना जास्त असते.

मग कसं करायचं?

यावर एक रास्त आक्षेप आहे. ॲप एकच असतं आणि ते धाराशिव, सिंधुदुर्ग, भंडारा सगळीकडे चालायचं असतं. प्रत्येक जिल्ह्याची वेगळी मराठी कुठून आणायची? औषधाचा डोस, न्यायालयाची नोटीस, बँकेचा इशारा इथे सगळ्यांना सारखीच कळणारी प्रमाण भाषा हवीच. हे खरं आहे. पण वर आलेली बरीचशी दुरुस्ती बोलीची नाहीच. ‘बिघाड झालाय’, ‘कबूल आहे’, ‘आपण’, ‘थकवा आलाय’ हे सगळं सगळीकडे कळतं. फरक इतकाच की ते लिहिणाऱ्याने समोर एक माणूस धरला. प्रमाण भाषा अडथळा नाही. माणूस न धरता लिहिलेली भाषा अडथळा आहे.

यंत्राकडून भाषांतर घेतानाही हे करता येतं. नुसतं वाक्य टाकू नका. कोण कुणाला म्हणतंय, का म्हणतंय, हे आधी लिहा. ‘नातू गावाहून निघालाय, आजी त्याला निरोप देतेय’ एवढं सांगितलं की आजची यंत्रंही ‘काळजी घ्या’च्या पलीकडे जातात. आणि जे वाक्य मिळेल ते मोठ्याने म्हणून बघा. तुमच्या घरात ते कुणीच म्हणणार नसेल, तर ते अजून मराठीत आलेलं नाही.

तेर हे जुनं तगर मानलं जातं. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या बाजारपेठेचं नाव आहे. इथलं कापड भडोचच्या बंदराकडे जायचं आणि तिथून समुद्रापार. त्या वाटेवर कुठेतरी कुणीतरी परक्या व्यापाऱ्याचं ‘किती?’, ‘महाग आहे’, ‘उद्या या’ आपल्या भाषेत सांगितलं असणारच. तो दुभाषा वाक्य चुकला असता तर सौदा मोडला असता, म्हणून तो आधी माणसाचं तोंड बघत असणार. आज सौदा मोडल्याचं कुणाला कळतही नाही. पडद्यावरचं वाक्य न समजलेला माणूस तक्रार करत नाही. तो भाषेच्या यादीत जाऊन मराठी काढतो, इंग्रजी लावतो, आणि अर्धवट समजणाऱ्या त्या भाषेत पुढची सगळी बटणं दाबत राहतो.